कणांनी धरलेले थेंब आणि त्यांचं वाहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं माझं काम एकाच गोष्टीभोवती फिरतं आहे. पाण्यात तेलाचे किंवा तेलात पाण्याचे बारीक थेंब, आणि त्या थेंबांच्या अंगावर घन कणांचा एक थर. असं मिश्रण कसं वाहतं, कधी थांबतं आणि का थांबतं, हे मी मोजते. विद्यार्थी, कारखान्यात काम करणारे लोक, दुसऱ्या विषयातले सहकारी, सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरी मेख तिथेच आहे.

रिऑलॉजी म्हणजे शेवटी घट्टपणाच मोजायचा ना?

घट्टपणा हा तिचा एक कोपरा झाला. पदार्थावर जोर लावला की तो कसा वाहतो आणि कसा आकार बदलतो, या सगळ्याचा अभ्यास म्हणजे रिऑलॉजी. हा शब्द १९२० साली अमेरिकेतल्या लाफायेट कॉलेजचे रसायनशास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांनी रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वाहणं.

टूथपेस्टची नळी उघडी करून उलटी धरा. काहीच गळत नाही. जरा दाबा, पेस्ट सहज बाहेर येते. ब्रशवर पडली की पुन्हा जागच्या जागी उभी. आता या पेस्टचा घट्टपणा किती, असं विचारलं तर एक आकडा देता येत नाही. जोर किती लावला, किती वेगाने लावला, त्याआधी पेस्टचं काय काय झालं होतं, यावर उत्तर बदलतं. पाण्याला हे प्रश्न विचारावे लागत नाहीत. तेल-पाण्याच्या अशा मिश्रणाला, म्हणजे इमल्शनला, विचारावेच लागतात.

त्यात वेळेचा हिशेब असतोच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली एका नरसाळ्यात डांबरासारखा पिच नावाचा पदार्थ ओतला. हातोडी मारली तर तो काचेसारखा फुटतो. पण नरसाळ्यातून त्याचा थेंब पडतो, साधारण दशकाला एक. २०१४ साली त्याचा नववा थेंब सुटला. पदार्थ घन की द्रव, हे तुम्ही किती वेळ वाट पाहायला तयार आहात त्यावर ठरतं. मार्कस रायनर यांनी १९६४ साली याच विचाराला एका संख्येचं रूप दिलं. पदार्थाला सावरायला लागणारा वेळ भागिले आपण पाहत राहिलो तो वेळ. तिला डेबोरा संख्या म्हणतात.

आणि कणांनी स्थिर केलेलं इमल्शन म्हणजे काय?

इमल्शनला मराठी पुस्तकांत पायस म्हणतात. एकमेकांत न विरघळणारे दोन द्रव, आणि त्यातला एक दुसऱ्यात थेंबांच्या रूपात विखुरलेला. तेल-पाणी बाटलीत घालून हलवलं की इमल्शन तयार होतं आणि मिनिटाभरात मोडतं, कारण दोन थेंब भिडले की एक होतात. एकूण पृष्ठभाग कमी झाला की ऊर्जा कमी होते, म्हणून निसर्गाचा कल तिकडेच असतो.

हे थांबवायला सहसा साबणासारखे रेणू वापरतात. एक टोक पाण्यात रमणारं, दुसरं तेलात. त्यांना सर्फॅक्टंट म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे घन कण. सिलिका, माती, मेदाचे स्फटिक, स्टार्चचे दाणे, काहीही चालतं, फक्त त्या कणाला पाणी आणि तेल दोन्ही थोडं थोडं मानवायला हवं. असा कण बरोबर सीमेवर जाऊन बसतो, अर्धा इकडे अर्धा तिकडे. सगळा थेंब कणांनी मढला की शेजारचा थेंब येऊन टेकला तरी आतलं तेल आतल्या तेलाला भेटत नाही.

कण सीमेवर बसतो ते समजलं, पण तो तिथे टिकतो कसा?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. कणात दोन टोकं असायला लागत नाहीत. अख्खा कण सगळीकडून सारखा असला तरी चालतो.

तेल आणि पाणी यांच्यातल्या सीमेला ताण असतो, म्हणजे त्या सीमेच्या प्रत्येक तुकड्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. कण तिथे बसला की त्याच्या आकाराएवढं भोक त्या सीमेला पडतं आणि तेवढी किंमत वाचते. कण ओढून काढायचा तर ते भोक पुन्हा बुजवावं लागणार. कण जितका मोठा तितकं भोक मोठं, आणि ते त्रिज्येच्या वर्गाने वाढतं.

आकडा पाहू. टोल्युइन (तेलासारखं एक द्रावक) आणि पाणी यांच्यातला ताण मीटरला सुमारे ३६ मिलिन्यूटन. त्यात १० नॅनोमीटर त्रिज्येचा कण अगदी अर्धा-अर्धा बसला, म्हणजे स्पर्शकोन (सीमा कणाच्या अंगाशी जो कोन करते तो) ९० अंश असला, तर त्याला बाहेर काढायला लागणारी ऊर्जा खोलीच्या तापमानाला रेणूंच्या उष्ण धडपडीत जी एक मात्रा असते तिच्या सुमारे २७५० पट येते. तोच कण पाण्याकडे जास्त झुकला आणि कोन ३० अंशांवर आला, तर हा आकडा ५० च्या आसपास घसरतो. आणि कण एक मायक्रोमीटर त्रिज्येचा असला तर आकडा कोटींत जातो. सर्फॅक्टंटचे रेणू सीमेवर सतत ये-जा करत असतात. कण एकदा बसला की बसला.

स्थिर इमल्शनचं गुपित इथे आहे आणि रिऑलॉजीची सगळी डोकेदुखीही इथेच आहे. जो कण परत निघत नाही, तो मागे काय काय झालं याची खूण जपून ठेवतो. माझ्या कामाचा गाभा एका वाक्यात सांगायचा तर हा: या मिश्रणांचा प्रवाह त्यांच्या घडणीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

पिकरिंग इमल्शन हे नाव कुणावरून पडलं?

कणांनी धरलेल्या इमल्शनचं हे नाव पडलं ते इंग्लंडमधले रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर पिकरिंग यांच्यावरून. ते वूबर्नच्या प्रायोगिक फळबागेत काम करत. झाडांवर फवारायच्या मिश्रणांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं की तांब्याच्या क्षारांचे बारीक कण खनिज तेलाला पाण्यात धरून ठेवतात. त्यांचा लेख १९०७ सालचा. पण त्याच्या चार वर्षं आधी, १९०३ मध्ये, वॉल्टर रॅम्सडेन यांनी द्रवांच्या पृष्ठभागावर घन पदार्थ गोळा होतो आणि त्याने बुडबुडे व थेंब टिकतात हे नोंदवलं होतं. म्हणून रॅम्सडेन इमल्शन असंही म्हणणारे लोक आहेत, आणि माझ्या मते त्यांचं म्हणणं रास्त आहे. नाव मात्र पिकरिंगचं चिकटलं ते चिकटलं.

तेल पाण्यात जाणार की पाणी तेलात, हे कोण ठरवतं?

बहुतेक वेळा कणाचा स्पर्शकोन. तो पाण्याच्या बाजूने मोजतात. कोन ९० अंशांपेक्षा कमी, म्हणजे कण जलस्नेही, तर त्याचा मोठा भाग पाण्यात राहतो, सीमा तेलाभोवती वाकते आणि तेलाचे थेंब पाण्यात होतात. कोन ९० च्या वर गेला की उलट. १९२३ साली फिंकल, ड्रेपर आणि हिल्डब्रँड यांनी हा विचार मांडला.

सिलिकाच्या कणांचा पृष्ठभाग रासायनिक प्रक्रियेने हवा तेवढा जलविरोधी करता येतो, त्यामुळे एकाच जातीच्या कणांनी दोन्ही प्रकार बनवता येतात. कोन फार वाढवला आणि तेलाऐवजी हवा घेतली तर त्याहून गंमत होते. पाणी आणि अतिजलविरोधी सिलिका वेगाने घुसळली की कोरडी, सुटी, पांढरी पूड मिळते, जिच्या वजनातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाणी असतो. तिला कोरडं पाणी म्हणतात. तळहातावर घेऊन चोळली की हात ओला होतो.

अपवाद भरपूर आहेत. आधी कण कोणत्या द्रवात मिसळले, दोन द्रवांचं प्रमाण किती, पाण्यात मीठ आहे का, यांनीही पारडं फिरतं. भारित कण सीमेजवळ येताना ढकलले जातात. मीठ घातलं की ते ढकलणं झाकलं जातं आणि कण सीमेवर येऊन बसतात. नुसत्या पाण्यात इमल्शन होईना म्हणून कोणी आलं, तर मी आधी मिठाचं विचारते.

किती कण लागतात?

वाटतं त्यापेक्षा कमी, पण हिशेबाने. एक मिलिलिटर तेलाचे १० मायक्रोमीटर व्यासाचे थेंब केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ०.६ चौरस मीटर होतो. छोट्या टेबलाएवढा. तो १०० नॅनोमीटर व्यासाच्या सिलिका कणांच्या एकाच दाट थराने झाकायला साधारण ८० मिलिग्रॅम सिलिका पुरते.

गणित उलटंही चालतं, आणि ते जास्त उपयोगाचं आहे. कण कमी घातले तर थेंब एकमेकांत मिसळत मोठे होत जातात, पृष्ठभाग घटतो, आणि हातात आहेत तेवढे कण पुरेसे झाले की मिसळणं आपोआप थांबतं. कण निम्मे केले की थेंबाचा व्यास दुप्पट. याला मर्यादित संमीलन म्हणता येईल. थेंबाचा आकार मिक्सरच्या वेगाऐवजी तराजूवर ठरवता येतो, यासारखं सुख नाही. शिवाय थेंबांचे आकार बरेचसे एकसारखे येतात. अट एवढीच की कण खरोखर सीमेवर बसले पाहिजेत. पाण्यात गठ्ठे होऊन तरंगणारे कण या हिशेबात धरता येत नाहीत, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

कणांच्या थराने वाहणं नेमकं कसं बदलतं?

विरळ मिश्रणापासून सुरू करू. द्रवात थोडे घन गोळे टाकले तर श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, किती वाढते, हे आइन्स्टाइन यांनी १९०६ साली काढलं. त्यात एक गणिती चूक होती. प्रयोगातले आकडे जुळेनात म्हणून शोध घेतला तेव्हा ती सापडली आणि १९११ मध्ये दुरुस्त झाली. तेव्हापासूनचं सूत्र असं: गोळ्यांनी एक टक्का जागा व्यापली तर श्यानता अडीच टक्के वाढते. १९३२ साली जी. आय. टेलर यांनी गोळ्यांच्या जागी द्रवाचे थेंब धरले. थेंबाच्या आतला द्रवही फिरतो, त्यामुळे अडथळा कमी होतो आणि अडीचाचा आकडा खाली येतो. थेंब अगदी पातळ द्रवाचा असेल तर एकापर्यंत.

आता त्या थेंबाला कणांचं कवच घाला. पृष्ठभाग अडकला, बाहेरचा प्रवाह आतल्या द्रवाला फिरवू शकत नाही, आणि तेलाचा थेंब घन गोळ्यासारखा वागू लागतो. आत पातळ तेल असलं तरी टेलरकडून आपण पुन्हा आइन्स्टाइनकडे येतो.

दाट मिश्रणात गोष्ट रंगते. एकसारखे गोळे अस्ताव्यस्त भरले तर ते साधारण ६४ टक्के जागा व्यापतात. थेंबांचं प्रमाण त्याहून वाढवलं की थेंब एकमेकांवर दाबून चपटे होतात आणि सगळं मिश्रण घन पदार्थासारखं उभं राहतं. त्याची ताठरता सीमेचा ताण भागिले थेंबाची त्रिज्या या प्रमाणात असते, हे सर्फॅक्टंटवाल्या इमल्शनवर मेसन, बिबेट आणि वाइट्झ यांनी १९९५ मध्ये नीट मोजून दाखवलं. म्हणजे थेंब बारीक तर इमल्शन ताठ.

कणांच्या इमल्शनला हा नियम पुरत नाही. एक तर कवच स्वतः ताठ असतं, त्यामुळे ताणाच्या जोडीला कवचाची स्थितिस्थापकता येते. दुसरं, एकच कण कधी कधी दोन थेंबांच्या सीमेवर एकाच वेळी बसतो आणि त्यांना पुलासारखा जोडतो. तिसरं, न वापरले गेलेले कण बाहेरच्या द्रवात जाळं विणतात. मग थेंबांचं प्रमाण तीस टक्केच असलं तरी भांडं उलटं केल्यावर मिश्रण पडत नाही. हे तीन हात एकमेकांपासून वेगळे काढणं, कुठला किती भार उचलतो ते सांगणं, हेच माझ्या रोजच्या कामाचं स्वरूप आहे.

मोजता कसं?

रिऑमीटरवर. खाली स्थिर तबकडी, वर फिरणारी तबकडी किंवा अगदी उथळ शंकू, मध्ये सॅम्पल. वरचा भाग फिरवायचा आणि किती जोर लागला ते वाचायचं, किंवा ठरावीक जोर लावून किती फिरला ते पाहायचं. एकाच दिशेने फिरवलं तर वाहणं कळतं. थोडं पुढे थोडं मागे असं झुलवलं तर दोन आकडे मिळतात, ज्यांना प्रयोगशाळेत सगळे जी प्राइम आणि जी डबल प्राइम म्हणतात. पहिला सांगतो की दिलेल्या ऊर्जेतली किती पदार्थाने स्प्रिंगसारखी साठवून परत दिली, दुसरा सांगतो किती घर्षणात गेली. जी प्राइम वर असेल तोवर पदार्थ घनासारखा. झुलवण्याचा पल्ला वाढवत नेला की एका जागी दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. तिथे रचना मोडते.

खरं कौशल्य मात्र यंत्र सुरू करण्याआधी लागतं. चमच्याने सॅम्पल ठेवायचं, पिपेटने नाही, कारण पिपेटच्या अरुंद टोकातून जाताना थेंबांची कवचं चिरडतात. वरची तबकडी सावकाश खाली आणायची. कडेने बाहेर आलेलं मिश्रण सपाट पट्टीने एका फेरीत कापून टाकायचं, कड किंचित फुगीर ठेवून. पाणी उडू नये म्हणून वर झाकण ठेवायचं. मग थांबायचं. तबकडी खाली येताना सॅम्पल दाबलं गेलेलं असतं आणि तो ताण विरायला वेळ लागतो.

शंकू वापरताना आणखी एक काळजी. शंकूचं टोक कापलेलं असतं आणि तिथली फट बऱ्याचदा पन्नासेक मायक्रोमीटरचीच असते. तुमचे थेंब चाळीस मायक्रोमीटरचे असतील तर तुम्ही इमल्शन मोजत नाही आहात, थेंब भरडत आहात. फट थेंबाच्या किमान दहापट हवी. अशा वेळी दोन सपाट तबकड्या घ्याव्यात.

दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. कोणाचं चुकलं?

बहुधा कोणाचंच नाही.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे घसरणं. गुळगुळीत तबकडीला लागून थेंब नसलेल्या द्रवाचा एक अतिपातळ पापुद्रा तयार होतो आणि अख्खं सॅम्पल त्यावरून साबणावरच्या पायासारखं सरकतं. यंत्राला वाटतं पदार्थ वाहतो आहे. मी शिकत असताना माझ्या आलेखात कमी वेगाकडे एक सुरेख पायरी यायची. नवं काहीतरी सापडलं अशी माझी खात्री झाली होती. कितीतरी आठवडे मी त्या पायरीचं स्पष्टीकरण शोधत होते. एका दुपारी दोन्ही तबकड्यांना बारीक सँडपेपर चिकटवून तेच सॅम्पल लावलं आणि पायरी गायब झाली. तेव्हापासून सॅम्पलच्या कडेला काळ्या कार्बनची एक उभी रेघ ओढून कॅमेऱ्याने पाहण्याची सवय लागली. पदार्थ खरोखर वाहत असेल तर रेघ तिरकी होते. घसरत असेल तर ती मधोमध सरळ राहते आणि वर-खाली तुटते. विद्यार्थ्यांना मी पहिल्याच आठवड्यात ही रेघ ओढायला लावते.

दुसरं कारण म्हणजे सॅम्पलचं वय आणि त्याने सोसलेलं. काल बनवलेलं आणि महिन्यापूर्वी बनवलेलं इमल्शन एक नव्हे. मिक्सर किती वेळ चालवला, बाटली प्रवासात किती हिंदकळली, फ्रिजमध्ये ठेवली होती का, हे सगळं कणांच्या रचनेत कोरलेलं असतं. म्हणून मोजण्याआधी सगळ्या सॅम्पलना ठरावीक वेगाने ठरावीक वेळ फिरवतात आणि ठरावीक वेळ विश्रांती देतात, म्हणजे सुरुवात तरी एका जागेवरून होते. सर्फॅक्टंटच्या इमल्शनला हे चांगलं लागू पडतं. कणांच्या इमल्शनमध्ये याने इतिहास पुसत नाही, त्यावर नवा थर चढतो. काय केलं ते लिहून ठेवणं हाच उपाय.

यील्ड स्ट्रेस खरोखर असतो का?

यील्ड स्ट्रेस म्हणजे वाहायला लागण्यासाठी लागणारा किमान जोर. त्याच्या खाली पदार्थ घन, वर द्रव. १९८५ मध्ये बार्न्स आणि वॉल्टर्स यांनी असं मांडलं की पुरेसा वेळ थांबलं आणि पुरेसं बारीक मोजलं तर सगळंच वाहतं, यील्ड स्ट्रेस हा भ्रम आहे. त्यावर पुढे बराच वाद झाला.

माझं मत विचाराल तर, क्रीमच्या बाटलीतले थेंब दोन वर्षं वर तरंगून येऊ नयेत एवढंच पाहायचं असेल तेव्हा यील्ड स्ट्रेस अगदी खरा आहे. फक्त तो एक आकडा नाही. हळूहळू जोर वाढवून मिळालेला, झुलवून मिळालेला आणि वाहतं सॅम्पल थांबवून मिळालेला, हे तिन्ही वेगळे येतात, आणि कणांच्या इमल्शनमध्ये कधी कधी दुपटीने वेगळे. कोणत्या पद्धतीने काढला हे न लिहिता दिलेल्या यील्ड स्ट्रेसचा मला काहीही उपयोग नसतो.

कवचाची ताठरता वेगळी मोजता येते का?

येते, आणि तो प्रयोग डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. पाण्यात सिलिकाचे कण मिसळायचे. त्यात वाकवलेल्या सुईच्या टोकाला तेलाचा एक थेंब फुगवायचा, वर झुकलेला. तासभर थांबायचं. सुरुवातीला थेंब आरशासारखा चकचकीत असतो. मग त्याची चमक मंदावते. आता सिरिंजने तेल सावकाश परत ओढायचं. साधा थेंब गोल राहूनच लहान झाला असता. हा होत नाही. आधी मानेपाशी बारीक उभ्या रेषा उमटतात, मग सुरकुत्या वर पसरतात, आणि शेवटी सुईला रिकाम्या पिशवीसारखं काहीतरी चिकटून राहतं. द्रवाच्या पृष्ठभागाला सुरकुत्या पडत नाहीत. पडल्या म्हणजे तो पृष्ठभाग आता घन झाला. पुन्हा तेल भरलं की सुरकुत्या जातात, पण पुष्कळदा त्याच जागी परत येतात.

आकडे काढायला सपाट सीमेवर बारीक कडी किंवा चुंबकीय सुई ठेवून ती झुलवतात. अडचण अशी की कडीला वरचा-खालचा द्रवही अडवतो आणि त्याचा वाटा वजा करावा लागतो. कवच मऊ असेल तर वजा केल्यावर हातात फार काही उरत नाही.

थेंब नेहमी गोलच असतात का?

नाही. कवच अडकलं की थेंब वाटेल त्या आकारात थांबू शकतो. दोन अर्धवट मढलेले थेंब भिडले, एकात एक जाऊ लागले, आणि अर्ध्या वाटेवर एकूण पृष्ठभाग कमी होऊन कण ठासले गेले, तर जोडी भुईमुगाच्या शेंगेसारखी तशीच राहते.

हीच कल्पना टोकाला नेली की थेंबच उरत नाहीत. २००५ साली एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकावर दाखवलं की दोन द्रव एकमेकांपासून वेगळे होत असताना मध्येच कणांनी सीमा अडवली, तर दोघांचेही सलग बोगदे एकमेकांत गुंतून कायमचे गोठतात. २००७ मध्ये पाणी आणि ल्युटिडीन हे द्रव गरम करून त्यांनी ते प्रत्यक्ष घडवलं. त्याला बायजेल म्हणतात. कार्ल्सरुहेच्या एरिन कूस आणि नॉर्बर्ट विलेनबाकर यांचं २०११ सालचं कामही मला तितकंच मोलाचं वाटतं: कण मिसळलेल्या द्रवात न मिसळणारा दुसरा द्रव एक टक्क्याहून कमी घातला तरी वाहतं मिश्रण जेल होऊन बसतं. दुसऱ्या द्रवाचे इवलेसे पूल कणांना बांधून टाकतात.

याचा वापर कुठे होतो?

ठाऊक नसताना सगळेच वापरतात. लोण्यात पाण्याचे थेंब मेदाच्या स्फटिकांनी धरलेले असतात. होमोजिनाइज केलेल्या दुधात मेदाच्या थेंबांवर केसीन या दुधातल्या प्रथिनाचे गोळे बसतात. सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे कण ऊन अडवता अडवता थेंबही सांभाळू शकतात. खाण्याच्या पदार्थांत आता स्टार्च, सेल्युलोज आणि प्रथिनांच्या कणांवर भर आहे. टायटॅनियम डायऑक्साइडला तर युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतून काढलंच.

उत्प्रेरकांसाठीही ही रचना सोयीची आहे. अभिक्रिया सीमेवरच होते आणि शेवटी कण गाळून परत मिळतात.

असं इमल्शन मोडायचं असेल तर?

खनिज तेलाच्या विहिरींवर हाच प्रश्न रोज असतो. तेलासोबत पाणी येतं, आणि तेलातले अॅस्फाल्टीन (तेलातले जड, डांबरासारखे घटक), मेण आणि मातीचे कण त्या पाण्याच्या थेंबांना असं कवच घालतात की ते दिवसेंदिवस खाली बसत नाहीत. तापवणं, विद्युत क्षेत्र लावणं, कणांचा स्पर्शकोन बदलणारी रसायनं घालणं, हे तिथले उपाय.

प्रयोगशाळेत आधीपासूनच पळवाट ठेवता येते. कणांना असा लेप द्यायचा की आम्लता बदलली की ते पूर्ण जलस्नेही होतात आणि सीमा सोडतात, किंवा लोहयुक्त कण घेऊन चुंबकाने ओढायचे. नुसतं सर्फॅक्टंट ओतून मात्र जमेलच असं नाही. कधी ते कणांवर चिकटून त्यांना जास्त जलविरोधी करतं आणि इमल्शन आणखी पक्कं होतं.

कुणाकडून इमल्शन मोजून घ्यायचं असेल तर सोबत काय सांगावं?

कण कोणते, त्यांचा व्यास किती, कण आधी पाण्यात घातले की तेलात. मीठ आणि आम्लता. कोणत्या यंत्राने, किती वेगाने, किती वेळ मिसळलं आणि कोणत्या तारखेला. सूक्ष्मदर्शकाखालचा एक फोटो, त्यावर मापपट्टी हवीच. पदार्थ पुढे कशासाठी वापरणार तेही सांगा, कारण पंपातून जाणाऱ्या मिश्रणाचं आणि बाटलीत वर्षभर उभ्या राहणाऱ्या मिश्रणाचं मोजमाप वेगवेगळ्या वेगांना करावं लागतं.

बाटली काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका. हवा राहिली की प्रवासात मिश्रण हिंदकळतं, आणि आमच्यापर्यंत पोचतं ते दुसरंच इमल्शन. एका बाटलीऐवजी दोन पाठवा. दुसरी न उघडता तशीच ठेवते आणि महिन्याने मोजते.